मालन साटमचं गाऱ्हाणं

आमच्या सोसायटीच्या मागून वाहणाऱ्या पाण्याला सगळे नाला म्हणायचे. सोसायटीच्या सभेत नाला, रिक्षावाल्याला पत्ता सांगताना नाला, मुलांना दम देतानाही ‘नाल्याकडे जायचं नाही’. मालन साटम एकटी त्याला व्हाळ म्हणायची. मालवणीत ओढ्याला व्हाळ म्हणतात. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात तो उगम पावतो, उद्यानाच्या भिंतीखालून बाहेर येतो आणि मग बोरीवलीच्या घरांमधून वाट काढत जातो. भिंतीपर्यंत पाणी चांगलं आणि भिंतीनंतर काळं, हे इथे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने पाहिलं, आणि ते तिला बघवलं नाही. तिच्या पुढच्या सगळ्या उद्योगांना एवढंच कारण होतं. आणखी काही कारण असेल म्हणून मी पुष्कळदा विचारून पाहिलं, पण निघालं नाही.

ती इकडे आली गिरण्यांच्या संपानंतर. नवरा काशीराम लालबागकडच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. संप लांबला, गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याला परत घेतलं नाही. खोली सोडून दोघं ओढ्यापलीकडच्या बैठ्या चाळीत, चुलतदिराच्या रिकाम्या खोलीत आली. काशीरामला साकीनाक्याच्या एका लेथच्या कारखान्यात काम मिळालं. सकाळी डबा घेऊन जायचा, दिवेलागणीला यायचा. फार कमी बोलायचा. मालन म्हणायची, “त्याच्या वाटणीचं मीच बोलते, त्याला कशाला तोंड दुखवायला लावू?”

मालन बुटकी, रुंद बांध्याची, भराभर चालणारी. आवाज असा की ओढ्याच्या त्या काठावरून हाक मारली तर आमच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकी उघडावी लागे. प्रस्तावना म्हणून ती काही बोलत नसे. आमची पहिली ओळख झाली ती अशी: दुपारी बेल वाजली, दार उघडलं तर ही उभी.

“बाई, तुमच्या माळ्याचं घमेलं आहे ना खाली? घेऊ का? संध्याकाळी परत आणते.”

“कशाला हवंय?”

“व्हाळात एक संडासाचं भांडं पडलंय. फुटलंय, तुकडे काढायचेत. पोरं उतरतात तिथे, पाय कापेल एखाद्याचा.”

मी नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. इतक्या वर्षांत नाना तऱ्हेची मागणी करणारी माणसं पाहिली, पण अशी मागणी कोणी केली नव्हती. घमेलं दिलं आणि मागोमाग खाली उतरले. गुडघाभर चिखलात उभी राहून ती चिनी मातीचे तुकडे शांतपणे, तांदूळ निवडावेत तसे, निवडत होती.

चाळीतल्या लोकांनी आधी तिची भरपूर थट्टा केली. जयवंत राणे हा चाळीच्या मंडळाचा अध्यक्ष, बसमध्ये कंडक्टर. रोज ड्युटीवर जाताना काठावर थांबायचा.

“वैनी, म्युन्शिपाल्टीत पर्मनंट झालंस काय गो? बोनस बिनस मिळता?”

“मिळतो ना. तू टाकलेली बाटली मिळाली काल. घेऊन जा.”

“ती माजी न्हय!”

“मग तुझ्या मंडळाची असेल. उतर खाली, अजून आहेत.”

जयवंत उतरला. थट्टेला थट्टेने उत्तर मिळालं की तो विरघळायचा, हे तिने ओळखलं होतं. तो उतरला म्हणून त्याची मंडळातली पोरं उतरली. आमच्या सोसायटीतून विद्याधर सबनीस आले. ते विमा कंपनीत अधिकारी, स्वभावाने काटेकोर. पँट दुमडून, हातमोजे घालून येत. मालन हातमोज्यांवरून त्यांना चिडवायची, “सबनीस, ऑपरेशन आहे का आज?” सबनीस हसायचे नाहीत, पण दर रविवारी न चुकता यायचे. पुढे टीव्हीवर रविवारी सकाळी मालिका सुरू झाली तेव्हा श्रमदानाला कोणी येईना. तर सबनीसांनीच सुचवलं की मालिका संपल्यावर जमू. उन्हं चढायची, पण माणसं यायची.

ओढा आणि उद्यानाची भिंत यांच्यामध्ये एक तिकोनी जागा होती. नकाशात ती बागेसाठी राखलेली, प्रत्यक्षात तिथे घाणेरी आणि गवत. तिथे आम्ही झाडं लावली. सबनीस उद्यानातल्या रोपवाटिकेतून करंज, जांभूळ, बहावा यांची रोपं घेऊन आले. मालनने हट्टाने काठावर केळी लावल्या. सबनीस म्हणाले, “साटमबाई, पहिल्या पुरात जातील. वाळुंज लावा, ते झाड पुरात तग धरतं.” ती म्हणाली, “आमच्याकडे नाय जात.” पहिल्याच पुरात सगळ्या केळी दहिसरच्या दिशेने निघून गेल्या. तिने ते पाहिलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, “घ्या. सबनीस जिंकले. आता तुमची वाळुंज लावा.” वाळुंज रुजली. तीन-चार वर्षांत त्या तिकोनी जागेत सावली झाली, खंड्या यायला लागला, आणि उन्हाळ्यात भिंतीपासून वळणापर्यंत पाण्याचा तळ दिसू लागला. त्या जागेला मालन राई म्हणायची. तिच्या गावी देवाच्या नावाने राखलेलं रान असतं, त्यातली काडीही कोणी तोडत नाही. त्यालाच तिकडे राई म्हणतात. हळूहळू आम्हीही तेच म्हणू लागलो.

तिच्या माहेराबद्दल इथे सांगायला हवं. तिचे वडील देवगडकडच्या एका गावात घाडी होते. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालणारा मानकरी. कोकणातलं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. कोणतंही काम सुरू करताना सगळ्यांनी जमायचं, नारळ-विडा ठेवायचा, आणि घाडीने मोठ्याने देवाला सांगायचं: आम्ही कोण, कशासाठी आलो, आमचं काय चुकलं, आम्हाला काय हवं. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. उत्तर दिल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. आमच्या पलीकडची चाळ जवळजवळ सगळी कोकणातली, त्यामुळे घाडीची मुलगी म्हणून मालनला तिथे एक मान होता. ती स्वतः त्याचा उल्लेखही करत नसे.

आमची खरी डोकेदुखी होती ओढ्याच्या वळणावर. तिथे रस्ता काठाला टेकतो. पहाटे राडारोड्याचे ट्रक यायचे, मागचा भाग वर व्हायचा आणि कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीच्या विटा, प्लास्टर, फरश्या धडाधड ओढ्यात. आम्ही तक्रारी केल्या, भांडलो, जयवंतने एकदा ट्रकसमोर आडवं पडण्याची भाषाही केली. ट्रक येतच राहिले. आठवडाभर उपसलेलं एका सकाळी भरून जायचं.

मग एका मंगळवारी वळणावरच्या उंबराखाली एक देव दिसला. हातभर उंचीचा उभट दगड, शेंदराने लखलखीत माखलेला, पुढे दोन जास्वंदी. त्या दिवशी ट्रक आला, चालकाने दगड पाहिला, खाली उतरून हात जोडले आणि गाडी तशीच मागे घेतली. पुन्हा ट्रक आला नाही.

देव कुठून आला, याच्या चाळीत नाना कथा झाल्या. कोणाच्या स्वप्नात आला होता, कोणाला उंबराखाली उजेड दिसला होता. शांताबाई म्हणून चाळीतल्या एक वयस्क विधवा होत्या, त्यांचा नातू त्याच सुमारास विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. त्यांनी देवाला नवस केला, नातू उठून शाळेत जाऊ लागला. तेव्हापासून शांताबाई रोज संध्याकाळी तिथे दिवा लावू लागल्या. मंगळवारी गर्दी होऊ लागली. कोणी घंटा बांधली. जयवंतच्या मंडळाने वर पत्रा घातला.

आणि मग मंडळाने मंदिर बांधायचं ठरवलं. पक्कं, फरशी लावलेलं, पुढे सभामंडप. त्यासाठी वळणाचा काठ भरून घ्यायला हवा होता. रस्त्यापलीकडे इमारत बांधणाऱ्या एका बिल्डरने जयवंतला सांगितलं, भरावाची काळजी करू नका, माझ्याकडे पाडकामाचा माल पडलाय, फुकट आणून टाकतो, देवाचं काम आहे. ज्या राड्यारोड्याला देवाने अडवलं, तोच आता देवासाठी येणार होता. जयवंतला यात काही वावगं दिसलं नाही. तो माणूस मनाने चांगला. त्याला चाळीसाठी काही मोठं करून दाखवायचं होतं, एवढंच.

त्याच आठवड्यात एका दुपारी मालन माझ्याकडे आली. एरवी दारातूनच बोलायला सुरुवात करणारी, त्या दिवशी आत येऊन खुर्चीत बसली. मी पाणी दिलं.

“बाई, तो देव देव नाय.”

“कोणता?”

“उंबराखालचा. मीच बसवलाय. व्हाळातला धोंडा आहे तो. कपडे आपटायला बरा, इतका गुळगुळीत. वाण्याकडून शेंदूर आणला, फासला, ठेवला. ट्रकवाल्याला अडवायला. मला काय ठाऊक सगळेच अडकतील म्हणून!”

“कोणाला सांगितलंस?”

“फक्त नवऱ्याला. तो काय बोलतोय! पहिल्या दिवशी मला हसायला आलं. शांताबाई दिवा लावायला लागली तेव्हा हसू गेलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. आज बोलू, उद्या बोलू करत पत्रा चढला, आणि आता माझ्याच धोंड्यासाठी व्हाळ बुजवतायत. वाट लागली, बाई.”

मी तिच्या परवानगीने सबनीसांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला. वळण भरलं तर काय होईल हे त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पावसात ओढा फुगतो तेव्हा त्या वळणावर पाणी पसरतं आणि राईत शिरून जिरतं. तिथे भिंत उभी राहिली की पाणी पलीकडे वळणार, म्हणजे थेट चाळीच्या पुढच्या ओळीत. त्या ओळीत शांताबाईंची खोली होती.

“हे जयवंतला सांगितलं?” मी विचारलं.

“सांगितलं. तो म्हणाला, देव बघून घेईल.” सबनीस मालनकडे वळले. “साटमबाई, एक सोपा मार्ग आहे. कोकणात बिनछपराचे देव असतात ना? तुम्ही सांगून टाका, ह्या देवाला छप्पर चालत नाही, बांधकाम चालत नाही. घाडीची मुलगी सांगतेय म्हटल्यावर कोण वाद घालणार? दगडही राहील, ओढाही राहील.”

मालन त्यांच्याकडे पाहत राहिली. “डोकं झकास चालतं हां तुमचं,” ती म्हणाली. “पण एक थाप मारली ती निस्तरत नाय, त्यावर दुसरी चढवू? आणि तीसुद्धा माझ्या बापाच्या नावावर?”

“मग खरं सांगणार? लोक काय म्हणतील त्याचा विचार केलात?”

“केला म्हणून तर इथे बसलेय ना!”

ती उठली, पदर खोचला आणि निघून गेली. ठरलं काहीच नव्हतं. खरं सांगितलं तर देवाचं सोंग उभं करणारी बाई म्हणून चाळ तिला कायमची ओळखणार होती, आणि राहायचं तर तिथेच होतं, दुसरी खोली कुठून आणणार? गप्प बसली तर ओढा जाणार होता.

भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी जयवंत स्वतः तिच्या दारात आला. हे तिने मला नंतर सांगितलं.

“वैनी, उद्या गाऱ्हाणा तू घालूचा.”

“मी? बायकांनी कधी घातलंय का रे?”

“गावाक घाडी आसता. हय खयसून हाडू? घाडयाचा चेडू आसा, ता बस्स झाला. तुज्या तोंडान सुरू झाला काय काम पुरा झालाच म्हणान समज.”

ती बरं म्हणाली. तो गेल्यावर काशीराम, जो क्वचितच काही बोलायचा, म्हणाला, “लोक तोंडात शेण घालतील.” ती म्हणाली, “घालू देत. बाबा सांगायचे, गाऱ्हाण्याला उभं राहिलं की पोटातलं सगळं बाहेर काढायचं, काही मागे ठेवायचं नाही. बरं झालं जयवंताने मलाच सांगितलं. नुसतं बोलायला गेले असते तर जीभ उचलली नसती.”

भूमिपूजनाला सगळी चाळ जमली होती. आमच्या सोसायटीतलेही पुष्कळ होते. रस्त्यावर भरावाचा पहिला ट्रक उभा, त्याला झेंडूचं तोरण. बिल्डर पांढरे कपडे घालून आला होता. उंबराखाली नारळ, विडा, उदबत्ती. मालन हिरवं लुगडं नेसून पुढे झाली. हात जोडले. तिचा तो हाक मारायचा आवाज लागला तेव्हा रस्त्यावरून जाणारेही थांबले.

“बा देवा म्हाराजा! आज हय तुजी सगळी लेकरां जमली हत!”

“व्हय म्हाराजा!” सगळी चाळ एका सुरात.

“गाव सोडून पोटासाठी ह्या मुंबयत इली हत!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या व्हाळाच्या काठार ऱ्हवतत, ह्येच्या पाण्यान तेंका सांबाळल्यान हा!”

“व्हय म्हाराजा!”

“तर म्हाराजा, तुका हय कोणी बसवल्यान? मी बसवलंय! ह्याच व्हाळातलो धोंडो उचललंय, शेंदूर लायलंय आणि हय ठेवलंय!”

“व्हय म्हाराजा!” म्हणता म्हणता आवाज मध्येच तुटला. सवयीने तोंडातून गेलं आणि मग कानांना कळलं. जयवंत तिच्याकडे पाहत राहिला.

“ट्रकवाल्याक अडवूक ठेवलंय, म्हाराजा! देव म्हणान न्हय! आणि ता कोणाक सांगूक नाय! लोकांनी हात जोडल्यानी, दिवे लायल्यानी, तरी मी गप ऱ्हवलंय! ही माजी चूक, म्हाराजा!”

कुजबुज सुरू झाली. मागून एक जण ओरडला, “ह्या काय चल्लाहा?” मालन हात जोडून उभी राहिली, मान खाली. उत्तर आल्याशिवाय पुढचं वाक्य म्हणता येत नाही, आणि उत्तर येत नव्हतं.

तेव्हा पुढच्या रांगेत उभ्या असलेल्या शांताबाई मागे वळल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, डोळ्यांत पाणी होतं.

“अरे, तोंडात काय धरल्यात रे सगळ्यांनी?” त्या म्हणाल्या. “गाऱ्हाणा अर्ध्यार सोडतत काय कोण? बोला!” आणि स्वतःच एकट्या म्हणाल्या, “व्हय म्हाराजा!”

मग चार म्हाताऱ्यांनी म्हटलं. मग बायकांनी. गाऱ्हाणं अर्धं ठेवायचं धाडस त्यांच्यातल्या कोणालाच नव्हतं.

मालनने श्वास घेतला. “तू आमची राखण केलंस, म्हाराजा! डबर अडवलंस, व्हाळ ऱ्हवलो!”

“व्हय म्हाराजा!”

“आता तुज्याच नावान तोच डबर ह्या व्हाळात पडता हा! पावसाचा पाणी चाळीत शिरतला! ता होवचा नाय, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हे जरा मोठ्याने आलं. पुढच्या ओळीत राहणाऱ्यांनी या आधी पाणी पाहिलं होतं.

“तुका तुज्या पाण्यात परत पोचवतंव! काय राग आसलो तर तो माज्या एकटीवर काढ, ह्या लेकरांवर नको!”

याला ‘व्हय’ म्हणणं कोणालाच जमेना. एकट्या बाईवर देवाचा राग यावा याला होकार द्यायचा तरी कसा? माणसं एकमेकांकडे पाहू लागली. आणि मागच्या बाजूने, उंबराच्या खोडापाशी उभ्या असलेल्या काशीरामचा खडबडीत आवाज आला:

“एकटीवर नको! दोघांवर, म्हाराजा!”

कोणीतरी खुदकन हसलं, आणि त्या हसण्यातच सगळ्यांचं “व्हय म्हाराजा!” उमटलं. मी आमच्या लोकांकडे पाहिलं. सबनीस, ज्यांनी आयुष्यात कधी गाऱ्हाण्याला हजेरी लावली नव्हती, हात जोडून म्हणत होते, “व्हय म्हाराजा.”

बिल्डरने ट्रकवाल्याला हाताने मागे फिरायची खूण केली आणि स्वतःही गाडीत बसून निघून गेला. 

जयवंत मात्र तिथेच उभा होता. लाल झाला होता.

“सगळ्यांच्या देखत माजा नाक कापलंस, वैनी. आधी येऊन सांगलं असतंस तर?”

“सांगायला हवं होतं, जयवंता. तू पत्रा घातलास त्याच दिवशी.”

“मग?”

“धीर झाला नाही रे.”

जयवंत चप्पल काढून उंबराखाली गेला आणि स्वतः घंटा सोडवू लागला. पत्रा मंडळाच्या पोरांनी काढला. धोंडा मालन आणि काशीरामने दोघांनी उचलला आणि भिंतीजवळच्या स्वच्छ डोहात नेऊन ठेवला. थोडा वेळ पाण्यात शेंदराची तांबडी रेघ वाहत गेली.

यानंतर सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. त्या वर्षी चाळीतल्या अर्ध्या घरांनी मालनला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. नळावर ती आली की बोलणं थांबे. कोणी तिला ‘देव बनवणारी’ म्हणे, तेही तिला ऐकू जाईल असं. सर्वांत अवघड गेलं शांताबाईंचं. दुसऱ्या दिवशी त्या मालनच्या दारात आल्या आणि एवढंच विचारलं, “मग माज्या नातवाक बरो कोणी केल्यान?” मालन म्हणाली, “माका नाय ठाऊक, आये.” शांताबाई वळून निघून गेल्या आणि त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं. मालनने ते सोसलं. माझ्याकडेही तिने कधी रडगाणं गायलं नाही. फक्त एकदा म्हणाली, “त्या बोलत नाहीत ते बरोबरच आहे. मी त्यांचा दिवा विझवला.”

देव गेल्यावर ट्रक पुन्हा येणार हे उघड होतं. तेव्हा मालनने पाळ्या लावल्या. गावी शेताची राखण करतात तशी, रोज पहाटे एक घर वळणावर बसणार. पहिली पाळी तिने स्वतः घेतली, दुसरी जयवंतने मागून घेतली, तिसरी सबनीसांनी. सबनीस घरून आरामखुर्ची आणि वर्तमानपत्र घेऊन येत. मालनच्या पाळीला मी पुष्कळदा सोबतीला जायची. एकदा उजाडताना ट्रक आला. चालकाने खाली डोकावून उंबराकडे पाहिलं.

“इधर भगवान था ना? किधर गया?”

“उसका ड्युटी खतम हुआ,” मालन म्हणाली. “अभी मेरा ड्युटी है. गाडी पीछे ले.”

त्याने हिच्याकडे पाहिलं. पाटावर बसलेली, हातात खराटा, उठायचं नावही न घेणारी बाई. काही पुटपुटला आणि गाडी मागे घेतली. पुढेही असे प्रसंग आले, कधी वादावादी झाली, एकदा थोडा माल पडलाही. पण वळण बुजलं नाही. त्या पावसाळ्यात ओढा फुगला, राईत शिरला, करंजांच्या बुंध्यांभोवती दोन दिवस उभा राहिला आणि उतरला. चाळीच्या पुढच्या ओळीत पाणी आलं नाही.

पाळ्या ठरल्या तेव्हा शांताबाईंच्या घराला मालनने मुद्दाम वगळलं होतं. पाऊस संपल्यानंतरची गोष्ट. त्या दिवशी पाळी मालनची होती आणि मी सोबत होते. धुकं होतं. चाळीच्या बाजूने शांताबाई आल्या, काखेत स्वतःचा पाट. मालनकडे न पाहता त्यांनी तो उंबराखाली मांडला, पदर डोक्यावर घेतला आणि रस्त्याकडे तोंड करून बसल्या.

मालन उठली. आपला पाट उचलून तिने बाजूला ठेवला, खराटा घेतला आणि पाण्यात उतरली. वर शांताबाई बसून होत्या, खाली खराट्याचा आवाज चालू होता. मी घरी जायला निघाले.

“बाई,” शांताबाईंनी मला थांबवलं. आवाज खाली ओढ्यापर्यंत जाईल एवढा मोठा होता. “तिला सांगा, पाण्यात इतका वेळ उभं राहू नये. थंडी पडलीय.”

“सांगते,” मी म्हटलं.

खालून खराटा थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.